कपडे बदलायच्या खोलीतला डबा

प्रिय भावोजी,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू? आठ महिन्यांपूर्वी, सासूबाई ऑक्सिजनवर असताना, मीच तुम्हाला दारातून परत पाठवलं. "मागच्या आठवड्यात खोकत आलात आणि आईला आजार देऊन गेलात," असं चारचौघांत बोलले. मी नर्स, म्हणून माझं सगळ्यांना खरं वाटलं.

आता आमच्या हॉस्पिटलने कोणत्या कर्मचाऱ्याला लागण कुठून झाली ते शोधलंय. आमच्या आणि तिथेच तपासलेल्या घरच्यांच्या साठवलेल्या नमुन्यांतल्या विषाणूंची जनुकं वाचून एकमेकांशी ताडून पाहिली. तुमचा विषाणू वेगळ्याच घराण्यातला निघाला. सासूबाईंचा माझ्याशी जुळला, आणि माझा वॉर्डातल्या दोघी नर्सशी. पेशंटसमोर आम्ही मास्क कधी उतरवला नाही हो! पण कपडे बदलायच्या खोलीत तिघी गुडघ्याला गुडघा लावून एकाच डब्यात जेवायचो.

काल सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, मानही वर केली नाही. म्हणाल्या, "माहीत होतं. तो यायच्या आधीच तुझा घसा बसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तो पोटचा आहे, रुसून रुसून जाईल कुठे? तुला बोलले असते तर तू पुन्हा वॉर्डात पाय ठेवला नसतास."

हे पत्र टाकणार नाही. बोलले चारचौघांत, मग माफी पाकिटात घालून कशी चालेल? रविवारी त्याच चौघांना घेऊन तुमच्या दारात येते. दारातून परत पाठवलंत तरी चालेल.

तुमची अपराधी,
वहिनी