थिओचं बोट

२९ मार्च २००९
डेन्झिल येऊन गेला. जावई, त्यात गावच्या टीमचा कॅप्टन, मग माझ्या डोक्यावर मिरी वाटणारच. "बाबा, ईस्टरच्या मॅचला यंदा तुम्ही भांड्यापाशी बसा. नीरफणस तुमच्यासारखं कुणालाच शिजवता येत नाही."
म्हातारे झालात, हे गोड करून सांगितलं.
म्हटलं, "विंडवर्ड आयलंड्सकडून सात मोसम बोलिंग टाकलीय मी. स्वयंपाकाला नव्हतं नेलं मला!"
ही एकच मॅच द्या, म्हटलं. शेवटची. एक विकेट काढायची आणि थांबायचं — एवढंच मागणं आहे. "बघतो" म्हणाला.

३१ मार्च
माझी बायको मर्ल म्हणते, खांदा निखळला तर मी बघणार नाही. असं म्हणत जायफळाच्या तेलाने चोळतेय.

४ एप्रिल
टीममध्ये घेतलं! अकरावा. मर्लने जावयाला झापलं असणार. मी विचारलं नाही.
सकाळी मैदानावर जाऊन एकट्याने टाकून बघितली. लांबी चुकतेय, पण चेंडू वळतोय. वेस्ट इंडीजकडून टेस्टचं बोलावणं कधी आलं नाही, त्याचं एके काळी फार लागायचं. आता नाही लागत. घर आहे, जायफळाची झाडं आहेत, पोरगी दोन घरं सोडून राहते. चांगलं चाललंय की.

९ एप्रिल
बाजारात थिओला हाक मारली. विंडवर्डला मी बोलर, हा विकेटकीपर — सातही मोसम माझ्यासमोर स्टंपांमागे उकिडवा. आता पॉइंट ग्रास गावात राहतो, म्हणजे ईस्टर सोमवारच्या मॅचला आमच्या विरुद्ध. आपल्याकडे बॅटिंग करणाऱ्या गावाचीच माणसं पंच म्हणून उभी राहतात, आणि त्यांच्याकडून नेहमी थिओ. आपल्या गावाच्या माणसाला त्याने आजवर पायचीत दिलेलं नाही.
"अल्बन, पॅडवर मारू नकोस, दांडीच उडव," म्हणाला. "मला आमच्या गावात राहायचंय."
"निर्लज्ज आहेस."
"आहे. कॉफी पाज."

१३ एप्रिल, ईस्टर सोमवार
झोप येत नाहीये. आनंदाने.
त्यांची शेवटची जोडी, चार धावा हव्या. डेन्झिलने चेंडू माझ्या हातात दिला. तोवर आठ ओव्हर टाकून झाल्या होत्या, एकही विकेट नाही, जीव मेटाकुटीला आलेला. पॉइंट ग्रासच्या बायका ओरडत होत्या, "आजोबा, खुर्ची आणू का?"
समोर थिओचा सख्खा पुतण्या. चेंडू पडला, वळला, पॅडवर बसला. आमची सगळी टीम बोंबलली. मी वळून म्हटलं, "थिओ, हाऊज दॅट?"
थिओने टोपी मागे सरकवली. मग बोट वर!
मला विकेट मिळाली. आम्ही जिंकलो. डेन्झिलने मला उचललं, खांदा दुखला, दुखू दे.

१४ एप्रिल
हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला रांधून घालायचं. पॉइंट ग्रासवाल्यांनी नारळाच्या दुधात नीरफणस, खारं मांस, डंपलिंग, सगळं शिजवलं, पण तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. थिओ आला नाही. पुतण्या म्हणाला, काकाला घरात घेऊ नका असं आई सांगतेय. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

१६ एप्रिल
डबा घेऊन थिओकडे गेलो. एकटाच बसला होता. विचारलं, "चेंडू लेगस्टंपच्या बाहेर चालला होता का रे?"
"मला काय माहीत? काचबिंदू झालाय. नाताळपासून नुसत्या सावल्या दिसतात. कुणाला बोलू नकोस."
"मग बोट कसं वर केलंस?"
"तुझा आवाज ओळखतो मी. खात्री नसली की तू घसा फाडतोस. खात्री असली की हळू विचारतोस. सोमवारी हळू विचारलंस. मग गावाचं तोंड कशाला बघू?"
त्याला डबा उघडून दिला. चमचा हातात दिला.
सोमवारी मला धाप लागली होती. ओरडायला दमच नव्हता. हे त्याला सांगितलं नाही.