बरब्बाला कुणीच मागेना

लास तुनास,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय सिरिलोदादा,

धाकट्या एलादिओचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे खरोखर टेकवत नाहीत, दोन्ही सोलवटलेत, कसे ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? तिहुआनातल्या त्या लॉण्ड्रीच्या वाफेनं खोकला कमी झाला की वाढला? इकडे आई बरी आहे. दर गुरुवारी बस आली की अंगणातूनच ड्रायव्हरला विचारते, आज कोण कोण उतरलं, आणि तो सांगतो ती चार नावं ऐकून आत निघून जाते. तू परत यावंस म्हणून मी हे लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. सहा वर्षांत चार पत्रं लिहून फाडली, तेव्हा हे पाचवं नुसतं ख्यालीखुशालीचं आहे.

तर बातमी अशी की यंदाच्या गुड फ्रायडेला येशू मी होतो. हसू नकोस. पाद्रे ओनेसिमोंनी बोलावलं तेव्हा मलाही वाटलं, दाढी करायला बोलावलं असेल. येशू होणाऱ्यानं वर्षभर केस-दाढी वाढवायची, मेस्कालच्या दारूला शिवायचं नाही आणि कुणाशी भांडायचं नाही, हे तुला माहीतच आहे. आता न्हाव्याच्याच डोक्याचं जंगल झालेलं बघून कोण गिऱ्हाईक त्याच्या हातात मान देईल? निम्मं गाव शेजारच्या गावी जाऊन डोकं भादरून आलं. शिवाय पाद्रेंनी उपासाचे चाळीस दिवस रोज संध्याकाळी समोर बसवून यशया संदेष्ट्याचं भाकीत माझ्याकडून घोकून घेतलं: तो येईल, त्याचेच लोक त्याला तुच्छ मानून टाकतील, दुसऱ्यांचे अपराध त्याच्या माथी येतील, आणि तरी तो तोंड उघडणार नाही. शेवटपर्यंत गप्प राहायचं, एवढंच तुझं काम, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ते मला जमतं.

बरब्बा, म्हणजे लोक येशूऐवजी ज्याला सोडवून घेतात तो दरोडेखोर, झाला होता तोरिबिओ. हो, तोच, पाण्याच्या टाकीची चावी हातात असलेला. गुडघा बरा झाला तर बरब्बा होईन असा त्यानं नवस केला होता, आणि गुडघा बरा झाला. (देवाच्याही नजरेतून कधीकधी गोष्टी सुटतात.) तू गेलास त्या दुष्काळापासून त्याला चावी फिरवायची सवय लागली ती लागलीच, कुणी वाकडं बोललं की त्या आळीचं पाणी बंद. तर चौकात रोमी सुभेदार पिलाताच्या ओट्यावर आम्ही दोघं उभे, हात बांधलेले. पिलात म्हणजे औषधवाले फुल्खेन्सिओकाका, अंगावर काकूंचा जांभळा पडदा. त्यांनी गर्जून विचारलं, दोघांतल्या कुणाला सोडू? यावर लोकांनी बरब्बाच्या नावानं ओरडायचं असतं. तू होतास तेव्हा पावाच्या दुकानापाशी उभा राहून पहिली आरोळी तूच ठोकायचास आणि मग सगळा चौक उसळायचा. यंदा कुणीच ओरडेना. तोरिबिओ एकदाचा दोरीनं बांधलेला सापडलाय, त्याला आपण होऊन कोण सोडवणार? काकांनी तीनदा विचारलं, मधल्या वेळात दोनदा हात धुतले (नळाला पाणी नव्हतं, म्हणून सोड्याच्या बाटलीनं). शेवटी तमालेवाली खासिंता म्हणाली, "एलादिओला सोडा. त्याला आधी केस कापू दे स्वतःचे." लोकांनी टाळ्या पिटल्या. रोमी सैनिक, म्हणजे वीटभट्टीवरचे गडी, माझी दोरी सोडायलाही लागले. पाद्रेंच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या शतकांचं भाकीत नेमकं त्यांच्याच हद्दीत येऊन खोटं ठरणार होतं.

मी खूश व्हायला हवं होतं. पण शेजारून तोरिबिओ हळूच म्हणाला, "इतका वाईट आहे का रे मी?" आणि आपल्या पायांकडे बघत राहिला. दादा, मला तुझा चेहरा दिसला. पाऊस आणणाऱ्या सान इसिद्रोची पालखी देवळाच्या पायऱ्यांवर कलंडून संताच्या मूर्तीचा हात मोडला, तेव्हा तूही असाच पायांकडे बघत उभा होतास. हात मोडला म्हणून पाऊस रुसला असं अख्खं गाव म्हणालं, सभेत तुझं नाव मिरवणुकीतून काढलं, पावाच्या दुकानातसुद्धा तुझ्याशी कुणी बोलेना, आणि तू एकदाही तोंड उघडलं नाहीस. मीही उघडलं नाही. तुझं गप्प राहणं आणि माझं गप्प राहणं यांत काय फरक होता, ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं.

मग मी बोललो. येशूनं बोलायचं नसतं, तरी बोललो.

"पालखी माझ्या पायानं कलंडली. मी मेस्काल पिऊन दांडा धरला होता. सिरिलोनं माझं पाप अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

मग पहिली आरोळी उठली, "बरब्बाला सोडा!" आवाज ओळखीचा होता. आपली आई. तिच्यामागून सगळा चौक असा पेटला की तुझ्या वेळेलाही पेटला नसेल. तोरिबिओला खांद्यावर घेऊन नाचवलं. माझ्या पाठीवरचे कोरडे सुतळीचे होते, पण मारणारे हात खरे होते. क्रूस घेऊन जाताना वाटेत तीनदा पडायचं असतं. मी सात वेळा पडलो, त्यांतल्या चार वेळा ढकलला गेलो. पाद्रे म्हणाले, तीस वर्षांत इतका जिवंत गुड फ्रायडे झाला नव्हता. आणि मग मला दीड तास कबुलीजबाबाला बसवून ठेवलं.

आई अजून बोलत नाही. जेवायला वाढते, पाठीला मलम लावते, तेही जरा जोरातच. दुकान रिकामं आहे. तू दुसऱ्या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांदेखत मला सांगायचास, डावा कल्ला वर गेलाय. सहा वर्षं मी कल्ले कसेही कापतो, कुणी काही म्हणत नाही. फार चुकल्या-चुकल्यासारखं होतं रे.

तुझा,
एलादिओ

ता. क. सभेनं तुझी माफी मागायचं ठरवलंय. पत्र सेक्रेटरी लिहिणार आहे. त्यानं हाती घेतलेली कामं किती वर्षांनी होतात ते तू जाणतोस, तेव्हा त्याची वाट बघू नकोस.

आणखी एक. तोरिबिओनं आपल्या आळीचं पाणी चार दिवस बंदच केलेलं नाही. अंगणात चिखल झालाय. त्याला सांगायचं धाडस कुणाला होत नाही.

आणि शेवटचं. परत यावंस म्हणून लिहीत नाहीये, असं वर म्हटलंय ते खोटं आहे. आईनं लिहायला सांगितलं असंही नाही. बोलत नसली तरी एवढं एकच बोलली, त्याला बोलावण्याचा तुला हक्क नाही म्हणून. खरंच नाही. तरी बोलावतो. शिव्या घालायला का होईना, ये.