भरितावरून उठवलं

रविवार, १४ डिसेंबर २०२५

पुरस्कार! आम्हाला! कपडे वाळत घालत होते तेव्हा जळगावहून फोन आला. तिथली एक संस्था तरुणांना सलोख्यासाठी पुरस्कार देते, यंदा मला आणि हलिमाला. मी "हो हो, धन्यवाद" म्हणाले आणि चिमटे बादलीतच टाकले.

हलिमा तडवी — कॉलेजातली मैत्रीण, सावद्याची. तिचा भाऊ आमच्या गावच्या बाजारात वांगी विकतो. गणपतीत एक फॉरवर्ड फिरलं, फोटोसकट, की 'या लोकांकडून' भाजी घेऊ नका, घाणेरड्या पाण्यात बुडवतात. त्या बाजाराला त्याच्यासमोर कुत्रंही उभं राहिलं नाही. मग आम्ही दोघींनी पाठवणाऱ्याला विचारलं, त्याला कुणी पाठवलं, त्याला कुणी, असं करत मागे मागे गेलो. फोटो भलत्याच राज्यातला, जुना! बाजारात उभं राहून सगळ्यांना दाखवलं. तिथून आमचा अफवा तपासायचा ग्रुप सुरू झाला. आधी विचारायचं, मग बोलायचं, एवढंच आमचं काम.

आई म्हणाली, "एवढ्यासाठी बक्षीस देतात?"

बुधवार, १७ डिसेंबर

चुडामण नाना आले होते. बाबांचे चुलते, पण गावात निम्म्यांचे नानाच. "गावाचं नाव काढलं पोरीनं. आता भरीत झालंच पाह्यजे! रविवारी माह्या मळ्यात."

मी म्हटलं, हलिमालाही बोलावते. नाना "हूं" म्हणाले आणि चहा बशीत ओतायला लागले.

नुसतं "हूं".

रविवार, २१ डिसेंबर

भरीत झालं. पन्नासेक माणसं होती. आज लिहायची इच्छा नाही.

सोमवार, २२ डिसेंबर

लिहिते. नाहीतर झोप लागायची नाही.

कपाशीच्या काड्या पेटवल्या होत्या. नाना जाळापाशी, वांगी खाली-वर करत. आमच्याकडे भाजलेली वांगी सोलायला बायका-पोरी गोल करून बसतात. हात पोळतात, फुंकर मारायची, हसायचं, भरिताची खरी मजा तिथेच. हलिमा येऊन सरळ त्या गोलात बसली. कुणी बोलवायची वाट बघितली नाही. भराभर सोलायला लागली, साल नाही की काळा ठिपका नाही.

मी लांब पानं पुसत होते, तिथून बोलणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. गोलात समोर बसलेल्या भागाबाई काकू तिच्या हातांकडे बघत होत्या. नाना जाळावरून मान वर करून पुन्हा पुन्हा तिच्याचकडे बघत होते. मला वाटलं, आता हे भरीत कुणी खाणार नाही. काहीतरी कारण काढतील, पोट बरं नाही, आज उपास आहे! आणि हलिमाला ते कळेल.

कुणी तिला काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

मी गेले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "ऊठ गं हलिमा, तू पाहुणी. हात कशाला पोळून घेतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग उठली, मोटारीच्या पाण्याखाली हात धुतले, खाटेवर जाऊन बसली. एकटी. पंगत बसली तेव्हा केळीच्या पानावर भरीत, कळण्याच्या पुऱ्या, सगळं नीट जेवली. आईला म्हणाली, "काकू, फार छान झालंय." बाजारात मी त्याच हातांसाठी भांडले होते ना? शी! लाज वाटते मला माझी.

बुधवार, २४ डिसेंबर

हलिमाचा मेसेज — "भरीत एक नंबर होतं." पुढे हसरा चेहरा. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवार, २८ डिसेंबर

आठवडाभर नानांच्या घराकडे फिरकले नाही. आईने ताक द्यायला सांगितलं तर प्रेमराजला पिटाळलं. धाकटा भाऊ असण्याचा तेवढा फायदा.

आईला शेवटी सगळं सांगितलं. ती निवडत असलेली मेथी तशीच धरून बसली. मग म्हणाली, "नानाले इचारलं का तू?"

त्यात काय विचारायचं! डोळ्यांनी पाहिलं मी. ही म्हातारी माणसं पुरस्काराला हार घालणार, भरीत खाऊ घालणार आणि नजरेने माणूस उठवणार. आणि मी शेपूट घालून त्यांचं काम करणार! नाही. जळगावला स्टेजवर सांगणार आहे. माझी चूक पण सांगेन, आणि कुणामुळे झाली तेही. हलिमाला आत्ता काही सांगत नाही, ती नको म्हणेल.

रविवार, ४ जानेवारी २०२६

झालं एकदाचं.

नाना गावातली माणसं भरून गाडी घेऊन आले होते. इस्त्रीचं धोतर, नवी टोपी, तिसऱ्या रांगेत. शाल मिळाली, स्मृतिचिन्ह मिळालं. हलिमा म्हणाली, बोल तूच, मला जमत नाही. मी बोलले. बाजार, फोटो, मग भरीत. "माझ्या मैत्रिणीला मी उठवलं, कारण आमच्या चुडामण नानांची नजर मी ओळखते. द्वेष मोबाइलमध्ये नंतर येतो, आधी तो आपल्या घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांत असतो."

'चुडामण नाना' म्हणाले तेव्हा हलिमाने मागून माझी ओढणी ओढली. मला वाटलं, तिला भरून आलं.

केवढ्या टाळ्या! अध्यक्ष म्हणाले, असा प्रामाणिकपणा दुर्मिळ. लोक मागे वळून बघत होते, कोण हे नाना म्हणून. नाना मान खाली घालून हातातली टोपी फिरवत होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण थोडं हलकंही वाटलं.

हलिमा फोटोला थांबली नाही. बस होती म्हणे.

सोमवार, ५ जानेवारी

भाषणाचा व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरतोय. आई बोलत नाही माझ्याशी.

बुधवार, ७ जानेवारी

हलिमाचा फोन. नाना काल एकटे एसटीने सावद्याला गेले होते. तिच्या दारात उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाले, "माही नजर वाईट व्हती, असं पोरगी म्हने. मले तं समजलं नाई वं माय. पन तिनं पाह्यलं म्हंजे असीन." आणि हात जोडले.

"ते माझ्याचकडे बघत होते, बरोबर आहे तुझं," हलिमा म्हणाली. "चांगली चांगली वांगी काढून माझ्यापुढे टाकत होते. भागाबाई काकूंना सांगत होते, बघा, असं सोलायचं असतं."

मग म्हणाली, "दिपमाला, मला उठव असं तुला कुणी सांगितलं होतं का?"

कुणीच नाही.