पाय कोरडेच ठेवीन

दादा,

युवती मंडळाच्या गाडीनं पहाटंच रत्नागिरीला निघाले. तुला उठवलं न्हाई. दुपारी तू पलटणीत परत निघणार, आणि मागल्या बारीला इस्लामपूरच्या स्टँडवर मी रडून लय तमाशा केलेला. आईला सांग, पोरींनी आग्रह केला.

दही मीच विरजून ठेवलंय, निघताना तिच्याकडनं हातावर घे. उंबऱ्यात ‘जातो’ म्हणू नको, ‘येतो’ म्हण.

समुद्र दाखवतो, अशी थाप तू दर सुट्टीत मारतोस. आज मीच डोंगरावरच्या किल्ल्यावरनं पोटभर बघणार हाय, थापाड्या! मग खाली वाळूत समद्या पोरी पाण्यात शिरतील. मी मातूर चपला घालून कडंलाच हुबी ऱ्हाणार. पाय तुझ्यासंगंच भिजवायचे हायत.

संयोगिता