कोळशाची पुडी

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

टाकला एकदाचा कोळसा!

आठ दिवस डोकं खाल्लं या कोळशाने. शाळेच्या व्हरांड्यातल्या फिश टँकचं पाणी चहासारखं पिवळं, वरून वास. शोभेसाठी आत ठेवलेल्या लाकडाचा प्रताप. मोबाईलवर बघावं तर एक जण म्हणतो, फिल्टरमध्ये कोळसा कायम ठेवा. दुसरा म्हणतो, गरज पडली तरच. तिसरा म्हणतो, निव्वळ धंदा! शेवटी जालन्याला गेले तेव्हा दुकानदारालाच विचारलं. “बिनधास्त टाका मॅडम.” काळ्या दाण्यांच्या जाळीदार पुड्या, दोन आणल्या. एक फिल्टरमध्ये, एक माझ्या कपाटात.

शाळेतली झाडलोट, घंटा, पाणी भरणं आणि हे मासे – सगळं सोनूबाई मावशींकडे. पुडी बघून म्हणाल्या, “बाई, मासे कोळसा खातेत व्हय?” मी हसले. जरा जास्तच हसले. विज्ञानाची बाई ना मी!

१९ नोव्हेंबर

पाणी लख्ख. मुख्याध्यापक तातेराव सर जाता जाता थांबले. “प्रियदर्शनी मॅडम, कमाल केली तुम्ही.” दिवसभर हवेत होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. थंडी पडली की होतं म्हणे. अकरा गोल्डफिश, त्यातल्या सातांना झालंय. दुकानदाराने मंठ्याच्या एसटीत औषध ठेवून दिलं. दुपारी थेंब मोजून टाकले. पाणी निळंशार! सगळी शाळा बघायला.

मावशींना बजावलं – पाच दिवस या पाण्याला हात लावायचा नाही. “बराबर, बाई.”

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बघते तर पाणी नळाच्या पाण्यासारखं! निळेपणाचा टिपूससुद्धा नाही. दोन मासे उलटे तरंगताहेत.

माझं डोकंच फिरलं. प्रार्थनेच्या रांगा लागत होत्या, तिथेच मावशींना धरलं. “बजावलं होतं ना? तरी बदललंत पाणी?”

“न्हाई बाई. हात बी न्हाई लावला म्या.”

“मग औषध काय हवेत उडून गेलं? चूक ती चूक, वर खोटं तरी बोलू नका!”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि घंटेकडे गेल्या. बरं केलं बोलले ते. मुक्या जिवांचा प्रश्न आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रविवारच्या सुट्टीत आणखी सहा गेले. तीन उरले.

सरांनी मावशींकडून लेखी खुलासा मागितला. मावशींना सहीपुरतंच लिहिता येतं, त्या कोणाकडून लिहून घेणार कोण जाणे. मासेही त्यांच्याकडून काढून घेतले, आता माझ्याकडे. डिसेंबरात शाळेची समिती बसते. मावशींना कामाचं पुढचं वर्ष द्यायचं की नाही, ते तिथेच ठरतं. सर म्हणाले, “हा विषय समितीपुढे ठेवावा लागेल.”

मी म्हणाले, “शिस्त हवीच, सर.” अगदी याच शब्दांत.

२६ नोव्हेंबर, बुधवार



सहावीला पाणी गाळण्याचा धडा. बाटली कापून उलटी केली. खाली खडी, वर वाळू, आणि कोळसा म्हणून कपाटातली दुसरी पुडी फोडून रिकामी केली. पोरांना गंमत वाटावी म्हणून पाण्यात निळी शाई टाकली आणि वरून हळूहळू ओतत राहिले. खालून थेंब पडू लागले – स्वच्छ! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शीतलने बाकावरून विचारलं, “बाई, निळं कुठं गेलं?”

“कोळशाने ओढून –”

वाक्य अर्धंच राहिलं. खिडकीबाहेर मावशी पटांगण झाडत होत्या. पोरं तोंडाकडे बघत होती. “पुढचं पान वाचा,” म्हणाले आणि खुर्चीत बसले.

औषध मावशींनी फेकलं नाही. माझ्या पुडीने पिऊन टाकलं. दहा वर्षं हा धडा शिकवते आहे मी. दहा वर्षं!

२७ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

औषधाचं खोकं पुन्हा उघडलं. तळाशी घडी घातलेली चिठ्ठी. बारीक अक्षरात सरळ लिहिलंय की औषध चालू असेपर्यंत फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा. मी ती घडी उलगडलीच नव्हती. पोरांना मात्र रोज ओरडते – प्रश्न नीट वाचा!

वर्ग चालू असताना, व्हरांड्यात कोणी नाही बघून फिल्टर उघडला. पुडी काढली आणि पर्समध्ये कोंबली. चोर तरी आणखी काय करतो? पर्सला आतून ओला काळा डाग पडलाय. औषध पुन्हा टाकलं. दुपारपर्यंत निळं, शाळा सुटेपर्यंत निळंच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आजही निळं. आणि आता यावर कळस! तातेराव सर टँकपुढे उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, “बघा, कोणी हात लावला नाही तर टिकलं की नाही औषध?” मावशी तिथेच फडकं पिळत होत्या. मी जे लपवलं, तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा झालं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी हजेरीपट चाळत राहिले.

का बोलत नाही मी? नोकरी जाणार नाही माझी. फार तर सर हसतील, स्टाफरूममध्ये चार दिवस चेष्टा होईल. एवढ्यासाठी! मावशींचं पुढचं वर्ष एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला माझं ‘कमाल केली मॅडम’. लाज वाटते. नुसतं लिहितानाही वाटते.

३० नोव्हेंबर, रविवार

विहारात वंदनेला गेले. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला – खोटं न बोलण्याच्या – आवाजच फुटेना. ओठ हलवले नुसते. शेजारी आई. “घसा बसला का गं?”

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली नाही, वरही बघितलं नाही. “लेकरांदेखत बोलली ना तू तिला? मंग लेकरांदेखतच सांग.” थोड्या वेळाने म्हणाली, “तिच्या जागी मी असते तं?”

उद्या. प्रार्थनेनंतर लगेच. काय बोलायचं ते पाठ केलंय.

१ डिसेंबर, सोमवार

प्रार्थना संपली. मी रांगेपुढे निघाले. दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात मावशी पुढे आल्या. सरांसमोर उभ्या राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सर, पाणी म्याच बदललं व्हतं. बाईचं बराबर हाय.”

सर खूश. “कबूल केलं ना, मग मिटलं. समितीत मी सांभाळून घेतो.” माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, झालं समाधान?”

मी मान हलवली. हलवली! पाठ केलेलं सगळं तोंडात होतं, आणि मी मान हलवली. रांगा वर्गात गेल्या. पोरांपैकी एक जण मावशींकडे बघून दुसऱ्याला म्हणाला, “बघ, म्हणलं व्हतं ना मी!”

२ डिसेंबर

मधल्या सुट्टीत मावशींना हातपंपाजवळ गाठलं. न केलेलं कबूल का केलं, विचारलं. समितीच्या भीतीने असेल, हेच डोक्यात होतं माझ्या.

“चार दिस झाले, तुम्ही डबा भरलेलाच परत नेऊन राह्यल्या,” त्या म्हणाल्या. “म्हणलं, बाईनं माशांचा लई घोर घेतला. कोणी कबूल केलं तं दोन घास खातील. अन् शिकलेल्या बाई म्हणतेत, मंग माझ्याच हातून काही झालं बी असंल.”

मग मी सगळं सांगितलं. पुडी, चिठ्ठी, पर्स. काही ठेवलं नाही.

त्यांनी पंप हापसणं थांबवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मंग म्या लेकरांपुढं खोटं बोलले, बाई?”