घोषणा माझी, चट्टाही माझाच

३० जानेवारी
शाळेची कुष्ठरोग जनजागृती फेरी. अमडापूरच्या बाजारातून. माईक अर्थातच अस्मादिकांकडे! “कुष्ठरोग बरा होतो, लपवू नका!” घसा बसला. मग शाळेत भाषण – नव्या गोळ्या आल्यापासून रुग्ण कसे कमी होत गेले, फळ्यावर उतरती रेघ काढून. टाळ्या. स्टाफरूममध्ये विज्ञानाचे सरही खूश.

४ फेब्रुवारी
आरोग्यसेवक हरिओम घरोघरी तपासणी करत आला. “सर, शर्ट काढा.” म्हटलं, अरे, परवा भाषण कोणी दिलं? तरी काढायला लावलाच. पाठीवर फिकट चट्टा. तो पेनाच्या टोकानं टोचत होता म्हणे. मला पत्ताच नाही!

५ फेब्रुवारी
आरोग्य केंद्रात डॉक्टरबाई म्हणाल्या, कुष्ठरोगच. सहा महिने गोळ्या, पूर्ण बरे व्हाल.
“पण आता तो कमी झालाय ना?” – मी.
“कमी झालाय, सर. संपला नाही.”
हे फळ्यावर लिहायचं राहिलंच होतं!
पहिली गोळी तिथेच घेतली. बाकीच्या दाढीच्या डब्यात. जयमालाला सांगितलं नाही. बायकोपासून लपवणारा ‘लपवू नका’वाला.

६ फेब्रुवारी
लघवी लाल! कडी लावून तिथेच उभा. मग आठवलं – गोळीनं होतं, बाईंनी बजावलं होतं. ऐकतो कोण!

११ फेब्रुवारी
हरिओमचा फोन. घरातल्यांना तपासायचंय, प्रतिबंधक गोळी द्यायचीय. “मॅडमले सांगतलं ना?”
“सांगतो.”
“कवा, सर?”
माईकवाल्यानं फोनच कापला.

१४ फेब्रुवारी
जेवताना सांगून टाकलं. ताटाकडे बघत. भाषणातलं एकही वाक्य आठवेना. जयमालानं ऐकलं. उठून तव्यावरची भाकर उलटली. मी मनातल्या मनात तिची पिशवी भरून तिला वरवट बकालला माहेरी पोचवलंसुद्धा! रात्री तिनं अंथरूण नेहमीच्याच जागी घातलं. तरी झोप नाही.

१५ फेब्रुवारी
हरिओम आला. गोळी देण्याआधी विचारलं, “घरात याच्या आंधी कोनाले झाला होता का?”
“छे!” – मी.
“मले,” जयमाला म्हणाली. “लग्नाच्या आंधी. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. बाबानं कोनालेच सांगू देलं नाई.”
तेवीस वर्षांचा संसार! तोंडातून एवढंच निघालं – “मला काऊन नाही सांगितलं?”
“तुमी बाहेर लय चांगलं बोलता. घरात काय बोलसान, ते मालूम नव्हतं.”