फौजदारबाईंचं फडकं

४ मार्च

मिळाली! एकदाची लेक मिळाली! आणि मिळाल्या मिळाल्या नवऱ्याच्या कडेवर. माझ्याकडे बघून कपाळाला अशी आठी घातली, जशी मी रांग मोडून पुढे घुसले होते. पावणेदोन वर्षांचं वय, ब्रशसारखे उभे केस, आणि नजर थेट फौजदाराची. तेव्हापासून आम्ही तिला फौजदारबाईच म्हणतोय. खरं नाव घरी गेल्यावर सगळ्यांनी मिळून ठेवायचं, असं सासूबाईंनी बजावलंय.

हातात एक फडकं आहे. कधीकाळी पिवळं असावं. आता त्याला रंग म्हणता येणार नाही, आणि वास तर विचारूच नये. बालगृहातल्या मावशी दुभाष्याकरवी सगळं नीट सांगत होत्या – काय खाते, कशी झोपते, कशाला घाबरते. फडक्याबद्दलही काहीतरी सांगायला लागल्या होत्या. तेवढ्यात फौजदारबाईंनी नवऱ्याचा चष्मा ओढून जमिनीवर आपटला, आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

आता आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. खाली केस कापायचं दुकान, तेच घरमालकिणीचं. फौजदारबाईंच्या प्रवासाचा कागद आला की तिघं घरी. ‘येईल लवकरच,’ म्हणाला अधिकारी. परक्या देशातलं लवकरच केवढं असतं, देव जाणे.

५ मार्च

घोळ घातला. मीच.

सकाळी ती झोपेत असताना हातातलं फडकं अलगद सोडवलं आणि धुतलं. कोमट पाण्यात भिजवलं, चोळलं, पुन्हा पुन्हा खळबळलं. घरमालकिणीची इस्त्री मागून आणली आणि कडक घडी घातली. अर्धं आयुष्य आमच्या लॉन्ड्रीत गेलंय, माझे हात स्वस्थ बसतील तर शपथ! नवरा म्हणाला, “बिल कुणाच्या नावावर फाडू?” मी खूश. पिवळा रंग परत आला होता की!

ती उठली. फडकं घेतलं. नाकाशी नेलं. थांबली. उलटं करून पुन्हा नाकाशी नेलं. मग खाली टाकलं आणि रडायला लागली – आवाज न करता. एवढं लहान मूल असं गुपचूप रडतं, हे मला माहीत नव्हतं.

मग उठून खोलीभर हिंडली. उशीचा वास घेतला, पडद्याचा घेतला, नवऱ्याच्या बुटाचासुद्धा घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या घरातून तिच्यासोबत आलेली ती एकच गोष्ट होती, आणि मी ती साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत सोडून दिली. आजवर शाईचे, तेलाचे, गंजाचे डाग काढले. गेलेला वास परत कसा आणायचा, ते मला येत नाही.

६ मार्च

माझ्या हातचं दूध नको. नवऱ्याच्या हातचं चालतं. दूध तेच! पेला तोच!

८ मार्च

सासूबाईंचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “धुतलंस? अगं, तुझ्या नवऱ्याचं दुपटं शाळेत जाईपर्यंत मी धुतलं नव्हतं! तुला आई व्हायला पाठवलं की तिथं शाखा उघडायला?”

नवरा शेजारीच होता. कान लाल झाले त्याचे. “शाळेत जाईपर्यंत?” मी विचारलं. “आईला अतिशयोक्तीची सवय आहे,” म्हणे. फोनवरून सासूबाई, “दुसरीपर्यंत!” फौजदारबाई त्याच्या खांद्यावर बसून त्याचा लाल कान पिरगाळत होत्या. मी हसले. मग तिच्या पायाला जरासा हात लावला, तर पाय ओढून घेतला.

लागलं मनाला. तिला काय कळतंय, असं दिवसभर स्वतःला समजावलं. पण लागलंच.

१० मार्च

दिराचा फोन. आमच्यामागे लॉन्ड्री तो बघतोय. बघतोय म्हणजे काय, हॉटेलच्या पांढऱ्या चादरींत स्वतःचा लाल मोजा टाकला! सगळ्या चादरी गुलाबी. “वहिनी, तशा छान दिसतायत,” म्हणतो वर. हॉटेलवाला दुसरी लॉन्ड्री शोधतोय. दोघांपैकी एकाला परत जायलाच हवं, आणि कागदाचा अजून पत्ता नाही.

“मी जाते, तू थांब,” मी लगेच म्हणाले. “ती तुझ्याकडे येते.”

“माझ्याकडे येते म्हणूनच मी जातो,” तो म्हणाला. “मी असेपर्यंत ती तुझ्याकडे कशाला येईल?”

त्यावरून भांडलो. मी म्हटलं, फार शहाणा आहेस. तो म्हणाला, ते तुला लग्नानंतर इतक्या उशिरा कळलं? हसायला आलं आणि भांडण तिथंच संपलं. पण तो गेल्यावर ही दारापाशी बसून त्याची वाट बघत राहिली तर? घरात कोण? तर फडकं धुणारी बाई.

सतराची तिकिटं काढली. तिकीट, खरं म्हणजे. एकच.

१२ मार्च

नवीन उद्योग. ते फडकं मी खांद्यावर टाकून घरभर फिरतेय. कांदा चिरताना खांद्यावर, भांडी घासताना खांद्यावर, हातांच्या भेगांना मलम लावलं की हात त्यालाच पुसायचे, झोपताना उशाशी. घरमालकिणीने मला खूण करून मागच्या अंगणातली धुण्याची जागा दाखवली. मला! आता हिला कसं सांगू की बाई गं, न धुण्याचंच काम चाललंय.

फौजदारबाईंचं सगळीकडे लक्ष असतं. दुपारी जवळ आल्या, खांद्यावरून फडकं ओढलं, वास घेतला आणि मला परत दिलं. माल पसंत नाही. असं चोखंदळ गिऱ्हाईक लॉन्ड्रीत आलं असतं तर मी भांडले असते. इथं मुकाट्याने पुन्हा खांद्यावर टाकलं.

१३ मार्च

दूध सांडलं. फडक्यानेच पुसलं. हात नुसते शिवशिवत होते. नाही धुतलं! आयुष्यातला सर्वांत मोठा संयम.

सकाळी नवऱ्यानेही दाढी झाल्यावर त्यालाच तोंड पुसलं. “माझाही हातभार,” म्हणाला.

१५ मार्च

आज दुपारी झोपताना तिने फडकं मागून घेतलं. म्हणजे मागितलं नाही, जप्त केलं. नाकाशी धरून झोपली. परत पाठवलं नाही! मी धावत स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याचा दंडच धरला. तो म्हणाला, “कुणी मेलंबिलं का?”

संध्याकाळी मी जमिनीवर बसले होते. ती आली आणि माझ्या गुडघ्याला पाठ टेकून बसली. तोंड तिकडे, भिंतीकडे. माझ्याकडे बघायचं नाव नाही. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. नवरा आला, म्हणाला, “ऊठ, चहा टाक.” म्हटलं, तूच टाक, मी सध्या खुर्ची आहे.

त्याने टाकला. चहात साखर नव्हती. सगळा प्यायले.

१६ मार्च

नवरा बॅग भरतोय. फौजदारबाई बॅगेत बसल्यात. शर्ट आत गेला की त्या बाहेर फेकतात. तिला कळलंय का? मला बघवेना.

आता तो न्हाणीघरात आहे, नळ सोडून. दात घासतोय म्हणे. इतके कुणी दात घासतं? मी दारावर टकटक करून सांगितलं, रडून झालं की डोळ्यांवर गार पाणी मार, उगाच सुजलेल्या डोळ्यांनी गेलास तर विमानात शेजारचा घाबरेल. आतून आवाज आला, “साबण गेलाय डोळ्यांत.” खरं तर रडायची पाळी माझी. उद्यापासून ती आणि मी, मध्ये कुणी नाही. मला भीती वाटतेय.

१७ मार्च

टॅक्सी गेली. ती खिडकीतून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. रडली नाही. मी मात्र दार लावलं आणि तिथंच खाली बसून भोकाड पसरलं.

ती आली. कपाळाला आठी. मग ते फडकं माझ्या नाकाला लावलं आणि मी वास घेईपर्यंत धरून ठेवलं.

घेतला. दूध, कांदा, नवऱ्याचा दाढीचा साबण, माझ्या हातांचं मलम. आमच्या घराचा वास होता.